मशीन जुनं चालेल, कंपायलर जुना नको

पत्र :

मी ४६ वर्षांची आहे, कराड तालुक्यात राहते. आमच्या बचत गटाचा हिशेब गेली नऊ वर्षं मीच ठेवते. मुलाने डिप्लोमाला असताना घेतलेला कॉम्प्युटर घरात पडून आहे. २०१० सालचा, २ जीबी रॅम, विंडोज ७. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. मला प्रोग्रामिंग शिकायचंय आणि गटाच्या कर्ज-व्याजाचा प्रोग्राम स्वतः लिहायचाय. पुतण्याने कॉलेजमधलं टर्बो सी पेनड्राईव्हवरून टाकून दिलं. निळी खिडकी उघडते, पण एवढीशीच. मोठी करायला गेलं की ही सिस्टीम फुलस्क्रीनला सपोर्ट करत नाही असं इंग्रजीत येतं. तरी चिकाटीने पहिला प्रोग्राम लिहिला : २० सभासद, महिना २०० रुपये, १० महिने. उत्तर आलं उणे २५५३६. पुतण्या म्हणाला, काकू, मशीनच गेलंय. दुकानदार म्हणतो भंगारात द्या, नवा लॅपटॉप घ्या. मुलगा म्हणतो मोबाईलवर शीक. नक्की काय करू? आणि या वयात हे जमेल का, हेही सांगा.

उत्तर :

ताई, लॅपटॉप घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. कॉम्प्युटर भंगारातही देऊ नका. आणि ते उणे २५५३६ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण एवढा चांगला पहिला धडा फार थोड्यांना मिळतो.

तुमचं गणित बरोबर आहे : वीस गुणिले दोनशे गुणिले दहा म्हणजे चाळीस हजार. मशीनही ठणठणीत आहे. घोटाळा टर्बो सीमध्ये पूर्णांक ठेवायला मिळणाऱ्या जागेचा आहे. प्रोग्रामिंगच्या सी भाषेत साध्या पूर्णांकाला ‘इंट’ म्हणतात. टर्बो सी या इंटला दोन बाइट, म्हणजे १६ बिट जागा देतं. तेवढ्या जागेत उणे ३२७६८ पासून अधिक ३२७६७ पर्यंतच आकडे मावतात. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर आठवा. ९९९९९ झाले की पुढचा किलोमीटर शून्यावर येतो. इथे ३२७६७ च्या पुढे गेलं की काटा थेट उणे ३२७६८ वर जाऊन पडतो आणि तिथून पुन्हा वर चढायला लागतो. १६ बिटांचा पूर्ण फेरा ६५५३६ चा. चाळीस हजारातून ६५५३६ वजा करा, तुमचं उत्तर हातात येईल. मशीन बिघडलेलं असतं तर आकडा इतका नेमका जुळला नसता.

हे वाचताना मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं सी शिकवत होते, याच टर्बो सीवर. तिने विचारलं होतं, “मॅडम, बेरीज उणे का येते?” मी म्हटलं, “इंटच्या जागी लाँग लिही.” तिने लिहिलं (लाँगला इंटच्या दुप्पट जागा मिळते), उत्तर बरोबर आलं, तास संपला. कारण सांगितलंच नाही. ती चूक मला आजही सलते. प्रश्न विचारणारी वर्गात ती एकटीच होती, आणि तिच्या हातात मी नुसता तोडगा ठेवला. म्हणून आज तुम्हाला कारण आधी सांगितलं.

टर्बो सी++, म्हणजे टर्बो सीचीच सी++ही जाणणारी आवृत्ती, हे बोर्लंड कंपनीचं, १९९० च्या आसपासचं, विंडोजआधीच्या डॉसच्या काळातलं काम. त्या काळाच्या मानाने फार उत्तम होतं, लिहायचं-चालवायचं सगळं एकाच निळ्या पडद्यावर. पण सी++ या सीवरून वाढवलेल्या भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ साली, म्हणजे हा कंपायलर (आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) त्याच्याही आधीचा. फुलस्क्रीनची तुमची तक्रारही याच वयाची आहे. विंडोज व्हिस्टापासून चित्र दाखवायची पद्धत बदलली आणि डॉसच्या प्रोग्रामला पूर्ण पडदा देणं बंद झालं. तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे म्हणून ती खिडकी निदान उघडली. ६४ बिटच्या विंडोजवर ती थेट उघडतच नाही, मधे आणखी एक प्रोग्राम घालावा लागतो. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच्यावर असते म्हणून पुतण्याला तो शिकावा लागतो, त्याचा काही दोष नाही. तुम्हाला कुठलीच परीक्षा द्यायची नाही. मग पस्तीस वर्षांपूर्वीच्या मर्यादा तुम्ही का सोसायच्या?

मशीनच्या वयाची मला बिलकूल काळजी वाटत नाही. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडवली. तिथे ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे सगळं सुरू झालं, त्याची मेमरी होती २४ किलोबाइट. तुमची २ जीबी म्हणजे त्याच्या सुमारे ८७ हजार पट. दुकानदार ब्राउझरच्या आणि व्हिडिओच्या हिशेबाने बोलतो, त्या हिशेबाने तो खरंही बोलतो. कंपायलरला मात्र तुमचं मशीन म्हणजे मोकळं माळरान आहे.

मोबाईलचं म्हणाल तर प्रवासात चार ओळी करून बघायला ठीक. पण महिरपी कंस आणि अर्धविराम शोधता शोधता त्या छोट्या कीबोर्डवर जीव मेटाकुटीला येतो, आणि मधेच फोन वाजतो. तुम्हाला शांत बसून एकाच पडद्याकडे बघायचंय. त्याला टेबलावरचं मशीनच बरं.

सुरुवात करण्याआधी दोन कामं. मुलाचे फोटो आणि गटाची काही कागदपत्रं त्या कॉम्प्युटरवर असतील तर आधी पेनड्राईव्हवर काढून घ्या. मग घड्याळ बघा. बरीच वर्षं पडून राहिलेल्या मशीनची तारीख दर वेळी चालू केलं की मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जाते. आत मदरबोर्डवर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. प्लग काढून, झाकण उघडून ती बदला. ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणून अडवतो आणि डाउनलोड होत नाही. माणसं दोन-दोन दिवस इंटरनेटला दोष देत बसतात. झाकण उघडलंच आहे तर मऊ ब्रशने धूळ झाडा. मशीन चालू होताना नुसतंच बीप-बीप करत असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

आता कंपायलर. मी तुम्हाला दोन टप्प्यांत जायला सांगेन.

पहिला टप्पा याच आठवड्यातला, आहे त्या विंडोज ७ वर. टायनी सी कंपायलर नावाचा कंपायलर आहे, थोडक्यात टीसीसी. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो लिहायला घेतला. विंडोजसाठीची त्याची झिप फाईल एक एमबीच्या आत आहे, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सुप्रभातच्या व्हिडिओपेक्षा लहान. मुलाला ३२ बिटची झिप उतरवून द्यायला सांगा आणि पेनड्राईव्हने आणा. इन्स्टॉल असं काही करायचं नाही, झिप उलगडून आतला ‘टीसीसी’ फोल्डर सी ड्राईव्हवर ठेवायचा.

प्रोग्राम नोटपॅडमध्ये लिहा. इथे एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. सेव्ह करताना खाली फाईलच्या प्रकारात ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नाव द्या ‘हिशेब डॉट सी’, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. प्रकार निवडला नाही तर नोटपॅड गुपचूप शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं. विंडोज ती शेपटी दाखवत नाही, आणि कंपायलर म्हणतो अशी फाईलच नाही. सुरुवातीला फाईल टीसीसीच्या फोल्डरमध्येच ठेवा.

मग विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा, ‘सीएमडी’ लिहून एंटर करा. काळी खिडकी येईल. तिच्यात ‘सीडी’ लिहून, एक जागा सोडून, उलटी तिरकी रेघ आणि टीसीसी. एंटर. मग ‘टीसीसी’, एक जागा, ‘हिशेब डॉट सी’. एंटर. काहीच आलं नाही तर आनंद माना, चूक नाही असा त्याचा अर्थ. आता नुसतं ‘हिशेब’ लिहून एंटर केलं की उत्तर येईल. वीस, दोनशे, दहा हेच तीन आकडे टाका. या वेळी चाळीस हजार येतील, कारण इथे इंट चार बाइटचा आहे आणि त्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतचा आकडा मावतो. गटाची उलाढाल तिथवर पोचेल तेव्हा आपण पुन्हा बोलू.

प्रोग्रामच्या फाईलवर माऊसने दोनदा टिचकी मारून तो चालवू नका. खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. पुतण्या प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी ‘गेट सीएच’ लिहितो ते खिडकी थोपवून धरायला. काळ्या खिडकीतून चालवलं की त्याची गरज पडत नाही. तसंच ‘सीएलआर एससीआर’, ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’. पहिली दोन्ही डॉसच्या काळातली, सी भाषेच्या प्रमाणात ती नाहीत. त्याच्या जर्नलमधून प्रोग्राम उतरवताना त्या ओळी गाळा, आणि ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’ लिहा.

एवढ्यावर दोन-तीन आठवडे काढा. तोवर हे आवडतंय की नाही ते कळेल.

दुसरा टप्पा लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा, आणि माझा खरा भर त्याच्यावर आहे. विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यामुळे त्या मशीनवरून गटाच्या बँकेच्या खात्यात शिरू नका, हे अगदी कळकळीने सांगते. पण लिनक्सचं मोठं कारण वेगळं आहे. टीसीसी लहान आहे, चपळ आहे, पण अबोल आहे. तुम्ही शिकाऊ आहात, तुम्हाला बोलका कंपायलर हवा. तो म्हणजे जीसीसी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा लोकांच्या हाती दिलेला, आजही रोज वापरात असलेला आणि फुकट.

बोलका म्हणजे कसा, ते एका उदाहरणाने सांगते. कीबोर्डवरून हप्त्याची रक्कम घ्यायला ‘स्कॅन-एफ’ वापरतात. त्यात नावाच्या आधी ‘अँड’चं चिन्ह लावावं लागतं, म्हणजे आकडा कुठल्या जागी ठेवायचा तो पत्ता कळतो. नवशिकी ते चिन्ह विसरतेच. टर्बो सी या चुकीवर चकार शब्द काढत नाही. प्रोग्राम तयार होतो, चालतो आणि भलताच आकडा दाखवतो. टीसीसीही गप्प. जीसीसीला ‘वजा डब्ल्यू-ऑल’ हा शेरा देऊन बसवा (वजाचं चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू, मग लहान ‘ऑल’), तो लगेच ओळ क्रमांकासकट सांगतो की इथे पत्ता हवा होता, तुम्ही आकडा दिलाय. नवऱ्याला किंवा मुलाला विचारायला न जाता घरात एकटीने शिकणाऱ्या बाईला याहून चांगली शिकवणी मिळणार नाही. हा शेरा दर वेळी लावायचा, अपवाद नाही.

आधी तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघा. विंडोज ३२ बिटचं असलं तरी प्रोसेसर ६४ चा असू शकतो, २०१० च्या डेस्कटॉपमध्ये बहुधा असतोच. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘परफॉर्मन्स इन्फर्मेशन अँड टूल्स’ उघडा, तिथे सविस्तर माहिती बघण्याचा दुवा आहे, त्यात ‘६४-बिट केपेबल’ पुढे येस असेल. येस असेल तर डेबियन १३ हे लिनक्स घ्या, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. नो असेल तर डेबियन १३ च्या फंदात पडू नका, त्यांनी ३२ बिटचं इन्स्टॉलर बंद केलंय. तेव्हा अँटिएक्स हे दुसरं लिनक्स घ्या. जुन्या मशीनसाठीच ते बांधलेलं आहे आणि त्याची ३२ बिटची आवृत्ती आहे.

मुलगा सुट्टीला येईल तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर ८ जीबीचा पेनड्राईव्ह तयार करून घ्या. लाइव्ह आवृत्ती घ्यायला सांगा. म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राईव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं : माऊस चालतो का, पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का. पेनड्राईव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा फोटोंचा तोच पेनड्राईव्ह देऊ नका. पसंत पडलं की मग हार्ड डिस्कवर टाका. वायफाय नसलं तरी अडत नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लिनक्स ते आपोआप ओळखतं.

डेबियनवर टर्मिनल (इथली काळी खिडकी) उघडून लिहायचं : ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गीनी’, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमधे जागा, बिल्ड आणि इसेन्शियलच्या मधे आडवी रेघ. पासवर्ड विचारला की टाईप करताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं समजू नका, लिहा आणि एंटर करा. बिल्ड-इसेन्शियलमध्ये जीसीसी येतो. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये हे सगळं आरामात बसतं. गीनी हा प्रोग्राम लिहायचा हलका एडिटर आहे, ओळींना क्रमांक देतो, कंस जुळले की दाखवतो. जीसीसीने तयार केलेला प्रोग्राम चालवताना नावाआधी टिंब आणि सरळ तिरकी रेघ लागते, नाहीतर अशी कमांडच नाही म्हणेल.

चुका येतील, ढिगाने येतील. एक अर्धविराम राहिला की कधीकधी वीस ओळींची तक्रार येते. घाबरून जाऊ नका. सगळ्यात वरची पहिली चूक तेवढी वाचा, ती दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. खालच्या बऱ्याचशा आपोआप जातात. आणि दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा. अर्धविराम तिथे राहिलेला असतो.

पुतण्या व्हॉट्सॲपवर प्रोग्राम पाठवत असेल तर त्याला फाईल पाठवायला सांगा. मजकूर म्हणून पाठवला की अवतरणचिन्हं कधी वळणदार होतात, ती कंपायलरला कळत नाहीत. शिवाय दोन फुल्यांमधला शब्द व्हॉट्सॲप ठळक करतं आणि फुल्या दिसेनाशा होतात. सीमध्ये ही फुली (*) म्हणजे गुणाकार. तुम्ही पडद्यावर बघून उतरवाल आणि गुणाकारच गायब.

आता तुमच्या व्याजाकडे. समजा गट महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतो, मुद्दल पाच हजार. तुम्ही लिहाल : मुद्दल गुणिले, कंसात दोन भागिले शंभर. उत्तर शून्य येईल. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देतं, दोन भागिले शंभरचे शून्य उरतात, आणि पाच हजार गुणिले शून्य म्हणजे शून्य. ही चूक जीसीसीही सांगणार नाही, कारण भाषेच्या दृष्टीने तुम्ही बरोबर लिहिलंय. आधी गुणा, मग भागा : मुद्दल गुणिले दोन, भागिले शंभर. शंभर रुपये येतील. आणि पैसे नेहमी पूर्णांकात ठेवा, सगळा हिशेब पैशांत करून छापताना रुपये वेगळे काढा. दशांश चिन्हाच्या आकड्यांत कॉम्प्युटर दहा पैसेसुद्धा तंतोतंत साठवू शकत नाही, आणि बायका पै-पैचा हिशेब विचारतात. त्यांचा तो हक्कच आहे. चार बाइटच्या इंटमध्ये पैशांत मोजूनही दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंत मावतात.

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. सी आणि सी++ चे छोटे-छोटे धडे मराठी आवाजात आहेत, विनामूल्य, आणि ते लिनक्स व जीसीसीवरच शिकवतात, म्हणजे पडद्यावर जे दिसेल तेच तुमच्याकडे दिसेल. एक धडा बघा, थांबवा, स्वतः टाईप करा. कॉपी-पेस्ट नको.

सगळं मशीन फार संथ वाटलं तर सहा महिन्यांनी हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवा. तेवढ्या खर्चात नव्या लॅपटॉपचा एक कोपराही येणार नाही, आणि फरक लगेच जाणवेल.

वयाचं विचारलंत. नऊ वर्षं वीस जणींचा हप्ता, व्याज, दंड आणि थकबाकी तुम्ही वहीत जुळवताय. एखादीने पंधरा तारखेनंतर पैसे दिले तर दंड लावायचा, घरात आजारपण असेल तर नाही लावायचा, हे ‘जर असं तर तसं’ तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी वर्गात अठरा वर्षांच्या मुलांना हेच समजवायला महिना घालवत असे. तुम्हाला फक्त ते लिहायची पद्धत शिकायचीय.

व्याजाचा प्रोग्राम चालला की एक करा. मागच्या मार्च महिन्याचं वहीतलं पान काढा आणि प्रत्येक सभासदाचा आकडा प्रोग्रामच्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला तर वही बरोबर की प्रोग्राम बरोबर ते आधी स्वतः शोधा. नाहीच सापडलं तर दोन्ही आकडे आणि प्रोग्रामची फाईल मला पाठवा, सभासदांची नावं काढून.